नणंदबाईंचा एकच धक्का

नागभीडपासून सिरोंच्यापर्यंत माझ्या मोठ्या नणंदबाईंइतकी आपल्या मतावर ठाम असलेली बाई दुसरी सापडणार नाही. भाजी खारट झाली, तर त्या शांतपणे सांगणार, "मीठ बराबर हाय, भाजी कमी पडली." कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि नागभीडलाच राहिल्या. ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरवर येताना पिशवीभर नवे तांदूळ आणायच्या, आणि त्या तांदळात जपून रुतवलेले दगड. एक दगड मी कुकरमध्ये शिजवलाही आहे. मी पोळ्या लाटायला बसले की त्या कणीक ओढून घेत, दोन्हीकडून दाबत आणि म्हणत, "हे पाह्य, खडकाले अशा घड्या पडते." त्या दिवशी आमच्या पोळ्या डोंगराळ व्हायच्या.

त्यांचं जन्मभराचं म्हणणं एकच. नागभीडकडचे पापुद्र्यांचे खडक आणि गडचिरोलीच्या दक्षिणेकडचे पट्ट्यापट्ट्यांचे खडक, दोन्ही फार जुन्या काळी डोंगर उठताना दाबले गेले. इकडचा वर होता म्हणून चुरगळला, तिकडचा खोल तापलेला होता म्हणून ताणला गेला. पण दोन्हीकडे धक्का एकच. त्यासाठी होकायंत्र घेऊन त्या एसटीनं दोन्हीकडच्या घड्यांच्या दिशा मोजत हिंडायच्या. फक्त दक्षिणेतल्या एका नाल्यातला खडक वरून इतका गुळगुळीत होता, की आतलं काही कळेना.

त्या नाल्यावर पूल मंजूर झाला. गावाचा अर्ज बाईंनीच लिहून दिला होता. "पण खडक फोडतील ना?" मी विचारलं. "पावसात बाळंतिणीले खाटेवर टाकून नाला पार करते तिथी," त्या म्हणाल्या. "खडकाचं काय घेऊन बसली?"

मग एका सकाळी तिथल्या अंगणवाडीताईंचा फोन आला. "बाई, खडक फुटला. आतमंदी लाटाच लाटा दिसून राह्यल्या. उद्या सिमेंट टाकणार हायत."

मी सोबत गेले. बाई पुलाच्या पायाच्या खड्ड्यात उतरल्या. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा होकायंत्र माझ्या हातात दिलं. ताज्या खडकात एका घडीला आडवी छेदून दुसरी घडी गेलेली, मलाही दिसत होती.

"एका धक्क्यानं अशी आडवी घडी पडत नाही. धक्के दोन हायत," त्या म्हणाल्या. "नागभीडले एकच बसला. इकडं नंतर आणखी एक."

वहीत त्यांनी तसं लिहिलं, खाली 'माझी चूक' लिहून तारीख घातली आणि मुकादमाला म्हणाल्या, "टाका सिमेंट." इतक्या वर्षांनी त्यांना चिडवायची संधी मला मिळाली होती, पण माझ्याच्यानं झालं नाही.

परतीच्या बसमध्ये म्हणाल्या, "तीस वर्षं पोरायले चुकीचं सांगतलं मी."

"पोरं कधीच विसरली असतील," मी म्हटलं. हे त्यांना अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याच क्वार्टरवर बसून त्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून फोन करू लागल्या. कुणाला घड्या आठवत नव्हत्या, कुणाला विषयही आठवत नव्हता. बाई मात्र सगळ्यांना आठवत होत्या. वरोऱ्याला कापसाचा धंदा करणारा एक जण म्हणाला, "धक्के किती का असंना, बाई, तुमी फोन केला, लय बरं वाटलं."

बाईंनी फोन खाली ठेवला. मग यादीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवून मला हळूच म्हणाल्या, "हा पोरगा मागच्या साली गेला. त्याच्या बायकोले सांगू का?"