खाटेजवळची खिडकी

रोह्यात आमच्या खिडक्यांना वादळापासून बचावासाठी प्लास्टिकची हलकी पॅनल बसवणारा माणूस फार हळू बोलायचा. एक पॅनल बसलं की त्यावर तळहात ठेवून थोडा वेळ उभा राहायचा आणि "हाय, घट्ट हाय," असं स्वतःलाच सांगायचा. सासऱ्यांच्या खाटेजवळची खिडकी झाल्यावर मात्र तो काहीच न बोलता हत्यारं भरून निघून गेला.

वादळ आलं त्या दुपारी दार जोरजोरात वाजलं. उघडलं तर तो चिंब भिजून उभा. नदीच्या पुलापलीकडून चालत आला होता.

"वहिनी, आजोबांना आतल्या खोलीत न्यायचं. आत्ताच."

"पॅनल आहे ना तिथे?"

"पॅनल ऱ्हाईल. चौकट नाय ऱ्हायाची."

अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना त्याने एकट्याने उचलून आत नेलं. दार लावून आम्ही दोघं त्याला पाठ टेकून बसलो. पलीकडे लाकूड करकरत होतं. सासरे माझं नाव घेत राहिले. मग मोठा आवाज झाला आणि दार आमच्या पाठीवर रेटा देऊ लागलं.

वारा पडल्यावर बाहेर आलो. चौकटीसकट निखळलेलं पॅनल सासऱ्यांच्या उशीवर पडलं होतं. त्याला तडासुद्धा गेला नव्हता. मी त्या माणसाला हात जोडले.

त्याने वर पाहिलं नाही. "चौकटीतली वाळवी मला बसवतानाच दिसलेली, वहिनी. काम थांबंल म्हणून बोललो नाय."