आधी घराचा विश्वास, मग ऑपरेशन

डॉ. शरयू राऊत यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्यासमोर माझ्या वहिनीची तक्रार करत होते. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आणि पहिल्यांदा तेच आठवलं.

आमचं घर खाडीकाठच्या शेतकऱ्यांचं. मी शाळेत शिकवते, दादा वालीवला कारखान्यात जातो आणि कुंदावहिनी शेतातली भाजी पाटीत घालून चंदनसारला विकायला न्यायची. चाळिशीच्या आतच तिची मान उजवीकडे वळायला लागली. वर्षभरात इतकी वळली, की जेवताना समोरचं ताट दिसेना. पण डोक्यावर पाटी घेतली की मान सरळ, पाटी उतरवली की पुन्हा वाकडी. घरात त्याचा एकच अर्थ निघाला. "बाजारात सरळ, घरात वाकडी," असं मीच एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले होते. वहिनी भांडी उचलून आत गेली.

मनवेलपाड्यातल्या दवाखान्यात मी हेच डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं टिपून घेतलं, मग आपला रुमाल दुमडून वहिनीच्या डोक्यावर ठेवला. मान हळूहळू समोर आली. नुसत्या रुमालानं.

या आजाराला डिस्टोनिया म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मेंदूकडून मानेच्या स्नायूंना चुकीचे हुकूम जातात. डोक्याला किंवा हनुवटीला जरा स्पर्श झाला, की काहींच्या बाबतीत ते थोडा वेळ थांबतात. मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही पाटीचं सांगितलंत म्हणून मला लवकर कळलं." मला लाजवायची पुरेपूर संधी असताना त्यांनी माझं कौतुक केलं. मला ते फार जड गेलं.

गोळ्या झाल्या, दर तीन महिन्यांनी मानेत इंजेक्शनं झाली. दोनेक वर्षांनी त्यांचाही गुण येईना, तेव्हा मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याचा विषय निघाला. बाईंनी कागदावर चित्र काढलं: मेंदूत खोलवर दोन बारीक तारा, तिथून कातडीखालून खाली येणारी जोडणी आणि छातीत बसवलेलं छोटं यंत्र. रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, मान पूर्ण सरळ होईलच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. वहिनी ताबडतोब हो म्हणाली. एवढी घाई का, असं बाईंनी विचारलं.

"माजं डोकं उघडून बगितलं, की मग तरी कोनी बोलनार नाय, नाटक करते म्हनून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. दादाकडे आणि माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "खरेपणाचा पुरावा म्हणून मी कुणाची कवटी उघडू देणार नाही. तारीख नंतर. आधी घरी जा आणि हिच्याशी बोला."

खरं काय ते मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. पण वहिनीला मी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मी शेजारी बसले आणि माझं चुकलं म्हणाले. तिनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली.

"वन्सं, बोललात तेचं येवडं नाय वाटलं. कळल्यावर गप राह्यलात, तेचं वाटलं."

महिन्याभरानं तिनं स्वतःसाठी म्हणून ऑपरेशनचं ठरवलं. मुंबईत शस्त्रक्रिया झाली ती दुसऱ्या डॉक्टरांच्या हातून; पण बाई अख्खा वेळ आत थांबल्या होत्या. यंत्र सुरू केलं त्या दिवशी काहीच घडलं नाही. गुण यायला महिने लागतील, हे त्यांनी आधी सांगितलं होतं, तरी दादा प्रत्येक खेपेला म्हणायचा, करंट एकदम वाढवून टाका. बाई एकदा हसत म्हणाल्या, "फार वाढवला तर जीभ अडखळेल हिची. मग तुमच्याशी भांडणार कोण?" वहिनी कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

सातव्या महिन्यात एका दुपारी आम्ही दोघी जेवत होतो. तिनं मला आमटी वाढली, काहीबाही बोलत राहिली. अर्धं जेवण झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की ती माझ्याकडे बघत जेवते आहे. थकली की मान अजूनही थोडी कलते. आता घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही. उशी आणून देतात.

गेली काही वर्षं मी शनिवारी बाईंच्या दवाखान्यात जाते. नव्या रुग्णांच्या घरच्यांना त्या आधी माझ्याकडे पाठवतात. मी काय केलं होतं, तेवढंच मी त्यांना सांगते. हे काम त्यांनी मला शिक्षा म्हणून दिलं नाही, हे समजायला मला बराच काळ लागला.

बाईंच्या साठीला काय लिहू, असं वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "लिवा, यंत्राची बॅटरी संपली की बदलाय लागते. तवा बाई पायजेत. आनि तेच्या फुडच्या वेलेलाबी."

डॉक्टरबाई, अशा पुष्कळ बॅटऱ्या अजून बदलायच्या आहेत. दुपारचं जेवण वेळेवर घेत जा, तब्येतीला जपा आणि आम्हांला खूप खूप वर्षं हवं तेव्हा भेटत राहा.