गुलाबी असेल तर उपाशी

भांडण ऐकायला मी गेले नव्हते. आमच्या दोन घरांमध्ये भिंत नाही, कालवांच्या शिंपल्यांचा कंबरेएवढा ढीग आहे. शिंपल्यांना शब्द अडवता येत नाहीत, त्याला मी काय करू?

"माझ्या माळा कुठायत?" ग्योकहे विचारत होती.

"पाण्यात गेल्या," तिचा नवरा बुनतो म्हणाला.

"माळा समुद्रात जातात, म्हाताऱ्या. बादलीत नाही!"

मी कालवं सोलत होते. सुरी तशीच हातात राहिली.

आमच्या तुंगशी गावात बायका शिंपल्यांना भोकं पाडून तारेत ओवतात. माळा खाडीत टांगल्या की कालवांची पिल्लं येऊन चिकटतात. ग्योकहेनं महिनाभर पाठ मोडून ओवलेल्या माळा या बाबानं ॲसिडात विरघळवल्या होत्या.

बर्फाच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर बुनतोला नवा नाद लागला होता. शहरातले शौकीन खाऱ्या पाण्यातले मासे काचेच्या पेटीत पाळतात. त्या पेट्यांतले शेवाळलेले प्रवाळाचे दगड हा साफ करायला आणायचा आणि पातळ ॲसिडात न्हाऊ घालायचा. दगड फसफसत साल टाकायचे, पांढरे व्हायचे. उरलेलं ॲसिड कुठं टाकणार? दारातलं गटार सरळ खाडीत जातं, आणि खाडीत ग्योकहेची कालवं.

बुनतोनं विचार केला, दगड फसफसतो तर शिंपलीही फसफसेल, ॲसिड दमेल. अक्कल बरोबर होती. पण ढिगातल्या शिंपल्यांना वास येतो, म्हणून या आळशानं धुतलेल्या, वाळलेल्या, तारेतल्या शिंपल्या उचलल्या.

"माझं एक कालव जरी मेलं," ग्योकहे म्हणाली, "तर आधी बादल्या फेकीन, मग तुला. दगड पुन्हा दारात दिसायचा नाही!"

बुनतोनं बादल्या आपल्यामागं ओढल्या. दगड गेले तर त्याला सकाळी उठायला कारणच उरत नव्हतं.

चार दिवसांनी तह झाला. माळा त्यानं ओवून द्यायच्या, आणि तिनं पास केल्याशिवाय बादली हलवायची नाही. पारख जांभळ्या कोबीच्या पाण्याची. कपात कोबीचं गार पाणी घ्यायचं, बादलीतलं चमचाभर घालायचं. ॲसिड जिवंत असेल तर गुलाबी, मेलं असेल तर जांभळं, ॲसिड मारायला घातलेला खाण्याचा सोडा जास्त पडला तर हिरवट.

"गुलाबी असेल तर उपाशी," ग्योकहेनं बजावलं.

एकदा देवळापुढं बाहुल्यांचा खेळ होता. बुनतोला घाई. त्यानं तिच्यापुढं कप धरला, रंग अगदी वांग्यासारखा जांभळा.

"वहिनी, जरा या हो," ग्योकहेनं मला हाक मारली. "साक्षीला!"

तिनं दुसरा कप घेतला, स्वतः बादलीत चमचा बुडवला. कप नवरीच्या गालासारखा लाल झाला.

"आणि तुझ्या कपात काय होतं रे?"

"...नळाचं पाणी."

त्या रात्री तो माझ्याकडं कालवांचं आमलेट खायला आला. "असली संशयी बाई!" म्हणत तीन खाल्ली. पण पुन्हा कधी लबाडी केली नाही. तिची कालवंही कधी मेली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात बुनतो झोपेतच गेला. त्याच्या आदल्या दिवशीचं मी या डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांवर नातीचा पोहायचा गुलाबी चष्मा, कोपरापर्यंत रबरी मोजे. दोन दिवस शिंपल्या खाऊन ॲसिड थंडावलं होतं. उरलेल्यासाठी तो खाण्याचा सोडा चमचा चमचा टाकत होता, फेस बसू देत होता. सोडा पडूनही बुडबुडा येईना, तेव्हा त्यानं हाक दिली, "ग्योकहे, परीक्षा!"

ती आली. चमचा तिनंच बुडवला. जांभळं.

"पास," ती म्हणाली. "आज जेव."

त्यानं नळ मोठा सोडला, धारेबरोबर बादली हळूहळू रिकामी केली, मोजे धुऊन दोरीवर टांगले. मग उरलेला अर्धा कोबी घेऊन ढिगावरून माझ्या दारात आला.

"वहिनी, भाजी करा. आणि तिला सांगू नका हं. कोबी तिचा आहे."