दारातलं वजन

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात उन्हाळ्यात रविवारी सकाळी हौशी लोक एका पार्किंग लॉटमध्ये आपापल्या स्पोर्ट्स कार मिरवायला आणतात. तिथे मोटार कंपनीतून रिटायर झालेले एक मराठी इंजिनियर काका यायचे. इंजिनाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मालकाला विचारून दार उघडायचे, हलकेच लावायचे आणि मान तिरकी करून तो आवाज ऐकायचे.

मी नवी गाडी घेऊन गेलो, सोबत मुलगी होती. "काका, जुन्या मॉडेलपेक्षा किती जड केलीय ही," मी कुरकुरलो. "स्पोर्ट्स कार कसली, म्हैस आहे."

त्यांनी मुलीच्या बाजूच्या दारावर टकटक केलं. "यात पोलादी दांडा आहे, पूर्वीपेक्षा जाड. कुणी बाजूने धडकलं तर मार तो खातो. हे मॉडेल आम्ही डिझाइन करत होतो तेव्हा मीटिंगमध्ये सगळे वजन कमी करा म्हणून मागे लागले होते. मी यातला एक ग्रॅमही काढू दिला नाही." मग ताठ उभे राहत म्हणाले, "तू ज्याला म्हैस म्हणतोस ना, ते माझं काम आहे."

निघताना मुलगी बसल्यावर मी तिचं दार लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"बाबा, इट्स क्लोज्ड."

"माहितीय," मी म्हणालो. "काकांचं काम ऐकतोय."