बेचाळिसावं पान हललंय

आमच्या सर्व्हरवर फोटोंना जागा पुरत नव्हती, किस्से मात्र साठतच गेले. चार जण चहाला जमले की अजून मला तेच सांगायला लावतात. तर ऐका.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत रफिकभाईंचं पुस्तकांचं दुकान. त्यांनी ऑनलाइन स्टोअर काढलं. सर्व्हर मी सांभाळायचो, कॅटलॉग सुनंदाताई. रफिकभाईंचे वडील, आम्हा सगळ्यांचे अब्बा, गल्ल्यावर बसायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, दहावीच्या निकालादिवशी हे पडलं तर बंद करायचं. म्हणजे आम्हा दोघांची नोकरी गेलीच!

*

सर्व्हर कुठाय, अब्बांनी विचारलं. मी म्हटलं, मुंबईत, भाड्यानं घेतलाय. बघून आलास का? न्हाई. त्यांनी चष्मा काढून आधी माझ्याकडं पाहिलं, मग पोराकडं. न बघता भाड्यानं घेणाऱ्याला आमच्यात पोरगीबी देत न्हाईत, असं म्हणून ते नमाजाला गेले.

*

रफिकभाईंचा हट्ट, गिऱ्हाइकाला दुकानात पुस्तक चाळल्यासारखं वाटलं पाहिजे. सुनंदाताई कामाला वाघीण. त्यांनी प्रत्येक पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून चढवला! डिस्क गच्च, साईट रांगायला लागली. बघणारे लई, घेणारं कुणी न्हाई. तेवढ्यात मुखेडहून एका पोरीचा फोन आला.

"ताई, बेचाळिसावं पान हललंय. परवा परीक्षा हाय, परत काढता का?"

ताईंनी काढलं की हो! मी कपाळ धरून बसलो.

*

गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, ही अब्बांची जुनी शिस्त. साईटवर 'शिल्लक नाही' दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. शेवटी मी वैतागून तिथं 'उद्या या' टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्लापूरचे एक काका दारात हजर, एसटीनं अख्खा नांदेड जिल्हा ओलांडून! अब्बांनी त्यांना जेवू घातलं, शेजारच्या दुकानातून पुस्तक आणून दिलं. मला म्हणाले, राहू दे तसंच, गिऱ्हाईक यायलंय ना.

*

सकाळची भवानी करणाऱ्याला सूट, हीबी दुकानाची रीत. रफिकभाईंनी ती साईटवर आणली. सहा वाजता जो पहिली ऑर्डर देईल, त्याला अर्ध्या किमतीत. आता होस्टेलची पोरं अभ्यासाला उठलेलीच असतात. सगळ्यांनी एकदम बटन दाबलं. सर्व्हरनं मान टाकली, आणि टाकता टाकता प्रत्येकाला 'तुम्हीच पहिले' असा मेसेज धाडला! जबान ती जबान, रफिकभाईंनी सगळ्यांना अर्ध्यात दिलं. अब्बा एवढंच म्हणाले, निकाल जवळ आलाय.

*

निकालासाठी मी मेमरी दुप्पट घेतली, पानांचे फोटो उडवले, भवानी बंद केली. निकाल लागला आणि ऑर्डरी अशा सुटल्या की आम्ही तिघं दुकानातच नाचायला लागलो. ताईंनी पेढ्यांचा पुडा फोडला. माझा पेढा तोंडातच होता, आणि साईट आडवी झाली.

ताई गुपचूप पिशवी आवरायला लागल्या. रफिकभाई बापाकडं बघेनात. मग मीच गल्ल्यापाशी गेलो आणि सांगितलं, अब्बा, पडलं सगळं.

अब्बा म्हणजे भूकंपात किल्लारीला जाऊन हातानं ढिगारे उपसलेला माणूस. त्यांनी सुट्टे पैसे ड्रॉवरमध्ये सारले.

"आत कुणी दबलंय का?"

"न्हाई, अब्बा."

"मग उभं करा की. अन् पेढे इकडं द्या."