दगडाला टाकी

आमच्या गावात कुणालाही विचारा, "धंदा कसा चाललाय?" तो दुकानात माश्या मारत बसलेला असला तरी "बरं चाललंय, देवाची दया" असंच म्हणणार. आपल्या धंद्याला आपल्याच तोंडानं वाईट बोलायचं नाही, ही आमची रीत. लक्ष्मी ऐकत असते म्हणे. मला विचाराल तर ती कधीच विट्याच्या एसटीत बसून निघून गेली, पण हे बोलायचं कुणी?

म्हणून ती सर्व्हेवाली पोरगी आली की मला तिची कीव यायची. कुठल्याशा हापिसाची होती. दर तीन महिन्यांनी उन्हातान्हात स्कूटी घेऊन घाट चढून यायची आणि तालुक्यातल्या बारक्या धंदेवाल्यांना एकच प्रश्न विचारायची. मागच्या तीन महिन्यांपेक्षा धंदा वाढला, तसाच आहे, की घटला? किराणावाला म्हणायचा, तसाच. सलूनवाला म्हणायचा, तसाच, आणि त्याच्या खुर्चीत मांजर झोपलेलं असायचं. मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. भिंतीपलीकडं ऐकू जावं म्हणून मुद्दाम.

भिंतीपलीकडच्या खोलीत आमचे हे पडून होते.

आमची पिठाची गिरणी आहे. पुढं गिरणी, मागं घर, मधे एकच भिंत. लग्न होऊन आले तेव्हा तिच्या आवाजानं मला झोप लागायची नाही, नंतर ती बंद असली की लागायची नाही. दिवाळीत चकलीची भाजणी, उन्हाळ्यात सांडग्या-पापडाची दळणं, यात्रेला पुरणपोळीचा गहू. बायका डबे ओळीनं लावून ओट्यावर बसायच्या आणि अख्ख्या गावाची उणीदुणी दळून व्हायची. पीठ कमी, गप्पाच जास्त.

मग गाव हळूहळू बाहेर गेलं. आमच्याकडं घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात आहे. कोण तामिळनाडूत, कोण बंगालात, सोनंचांदी गाळायची दुकानं टाकून बसलेत. आमचा पोरगाही तिकडंच. त्यांनी पैसा कमावला, गावात बंगले बांधले, आणि बंगल्यांना कुलपं लावली. कुलूपबंद घराला पीठ लागत नाही. जे राहिले त्यांच्या सुनांनी माहेरून घरघंटी आणली. कपाटाएवढं यंत्र, स्वयंपाकघरात गुरगुरतं. परवापर्यंत माझ्या ओट्यावर बसून चहा पिणाऱ्या बायका आता मला रस्त्यात बघून पदर सावरतात आणि पलीकडनं जातात. अगं बायांनो, मी काय खाते का तुम्हाला?

दिवाळीची गर्दी, म्हणजे जी काय चार डब्यांची झाली ती, संपल्यावर ह्यांनी दगडाला टाकी लावली. गिरणीचा दगड दळून दळून गुळगुळीत होतो. मग वरचा दगड उतरवायचा, मांडीवर पोतं घ्यायचं आणि टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, ठोकून त्याच्या खाचा परत धारदार करायच्या. पूर्वी हे काम महिन्यातनं दोनदा निघायचं. ह्यांच्याइतकी सारखी टाकी पंचक्रोशीत कुणाची नव्हती, आणि त्याचा ह्यांना गर्व पण तेवढाच. दगड बसवला, फरशी धुतली, आणि त्याच ओल्या फरशीवर ह्यांचा पाय घसरला. खुबा मोडला.

सांगलीला ऑपरेशन झालं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, "आता ह्यांना चालतं करा. पडून राहिले तर माणूस हातचा जाईल." पण हे उठायचे नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. मी रागावले, रडले, पाया पडले. पोरगा फोनवर म्हणायचा, "आई, गिरणी काढून टाक, दोघं हिकडं या." ते ऐकलं की हे दोन दिवस जेवायचे नाहीत. शेवटी एकदा म्हणाले, "दगड बोथट झाला की सांग. टाकी लावायला उठतो. तवर कशाला उठू?"

झालं. मला तेवढा धागा पुरला. दळण येत होतं तोवर ह्यांना उठायचं कारण होतं. म्हणजे दळण यायलाच हवं होतं.

आमच्यात सकाळचं पहिलं दळण कुणी टाकत नाही. पहिल्याचं मूठभर पीठ दगडात अडकून राहतं, आणि आदल्या दिवशीचं दुसऱ्याचं त्यात मिसळतं. म्हणून गिरणीवाल्यानं आधी घरची ज्वारी टाकायची, मग गिऱ्हाईक. मीही रोज सकाळी घरची ज्वारी टाकायची. फरक एवढाच की पुढं गिऱ्हाईक नसायचं. मग थोड्या वेळानं परत ओंजळभर टाकायची. दुपारी परत. आत पडलेल्या माणसाला पट्ट्याची फडफड ऐकू जात होती, तेवढं बास होतं.

"गर्दी हाय का गं आज?" हे आतनं विचारायचे.

"हाय की!"

"मग बायकांचा आवाज कसा न्हाई?"

"आवं, डबं ठिवून जात्यात. आता कुणाला येळ हाय बसायला?"

घरात खाणारी तोंडं दोन. पीठ साठायला लागलं, कडू व्हायला लागलं. शेजारचे रिटायर फौजी होते, त्यांच्या म्हशीला मी ते चोरून घालायची. म्हस गाबण राहिली तर माझ्या पुण्याईनं, असं ते हसत म्हणायचे. त्यांना सगळं ठाऊक होतं. फौजी माणूस, एका शब्दानं बोलला नाही.

संक्रांतीनंतर ती पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हणाले, "तसाच." चैत्रात यात्रा झाली, बंगले आठ दिवस उघडले, सुना पिशवीतलं विकतचं पीठ घेऊन आल्या, आणि परत कुलपं लागली. पोरगी आली. मी म्हणाले, "तसाच गं बाई, जरा बराच म्हण." तिनं रिकाम्या ओट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मोबाईलवर बोट दाबलं. दुसरं काय करणार बिचारी?

आषाढात ती तिसऱ्यांदा आली. मी भिंतीकडं बघत मोठ्यानं सांगितलं, "तसाच हाय पोरी. दळण भरपूर हाय की!"

ती गेल्यावर आतनं हाक आली.

"अगं, दिवाळीपासनं एवढं दळलंस, मंजी दगड पार गुळगुळीत झाला आसंल. पीठ जाड पडत न्हाई का?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "पडतंय की जरासं."

"आन् मग बोलली का न्हाईस, येडे?"

आणि ह्यांनी पाय खाली सोडले. देवाशपथ सांगते, मी दारात उभी राहून बघत होते. जो माणूस इतके महिने कुशीवर वळायला कुरकुरायचा, तो वॉकर धरून उभा राहिला. पाय थरथरत होते, कपाळावर घाम, आणि तोंडावर हसू. "टाकी कुठं ठिवलीस माजी? गंजली न्हाई नव्हं?"

मला आनंदानं रडू आलं आणि त्याच क्षणी ध्यानात आलं, ओंजळ-ओंजळ ज्वारीनं दगड कुठला झिजतोय? आता हे दगड उघडणार.

चार दिवस मी टाळलं. डॉक्टरांना विचारू, पाऊस उघडू दे, पाय दुखतोय तुमचा. हे रोज खोलीतल्या खोलीत चालत होते, काल खिडकीपर्यंत, आज उंबऱ्यापर्यंत. माझ्या डोक्यात काय काय आलं! पहाटे दाणा न टाकता गिरणी रिकामी फिरवावी, दगडावर दगड घासून झिजवावा, असंसुद्धा आलं. पण रिकाम्या दगडाची किंचाळी ह्यांनी झोपेतही ओळखली असती. सांगून टाकावं, असं वाटायचं, आणि हे वॉकर धरून हसले की मी चुलीकडं वळायची. उठलेल्या माणसाला काय सांगून परत निजवू?

पाचव्या दिवशी ह्यांनीच फौजींना हाक मारली. "गड्या, जरा दगड उतरायला ये रं." फौजींनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी वरचा दगड सोडवला आणि पोत्यावर उलटा ठेवला.

हे स्टुलावर बसले. चष्मा पुसला. टाकी उजव्या हातात घेतली आणि डाव्या हाताची बोटं खाचांवरनं फिरवली. मग परत फिरवली. मग कडेनं फिरवली. खाचा सगळ्या जिथल्या तिथं होत्या, धारसुद्धा बोटाला लागत होती.

बाहेर पाऊस होता.

"ही माजी दिवाळीची टाकी हाय," हे म्हणाले. आवाज चढला नाही, काही नाही. चढला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या, छिन्नी फेकून मारली असती, तरी मी सोसलं असतं. ह्यांनी ती पोत्यावर नीट ठेवली आणि फौजींना म्हणाले, "बसव बाबा परत. आन् मला आत न्ये."

त्या दिवशी वॉकर गिरणीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, झाडलं, दिवा लावला. हाताला सवयच लागलेली. डब्यातली ज्वारी वर ओतली आणि बटणाकडं हात नेला.

भिंतीपलीकडनं ह्यांचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे गं. आता कुणाला ऐकवायचंय?"

मी हात मागं घेतला. मग स्टुलावर चढून ज्वारी परत ओंजळीनं डब्यात काढली.