चटका लागणारा हात

आमच्या लोकांनी नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीमागे रायपूरला येताना बरंच मागे टाकलं, पण उलट्या मडक्यावरची लांब रोटी सोडली नाही. सैलसर कणीक परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, गोळा कोपरापर्यंत हातांवर झुलवत पातळ करायचा आणि तापल्या मडक्यावर पसरायचा. रायपूरच्या आमच्या गुढियारी भागात आमच्यातलं कुठलंही लग्न असो, मडक्यासमोरची जागा माझी. जिला चटका लागतो ती नवशिकी, तिने परातीपाशी बसायचं, हा आम्हा बायकांचा कायदा.

म्हणून उजव्या हाताला चटका लागेनासा झाला तेव्हा मी खूशच झाले. थोरल्या नणंदेने चारचौघींत सांगितलं, वहिनीचा हात आता पक्का झाला. मीही मिरवून घेतलं. रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत, हात झटकत उठून बसावं लागे, ते मी वयावर ढकललं. मग एकदा जेवताना मुलीने माझ्या बोटावरचा टपोरा फोड दाखवला. तो कधी आला याचा मला पत्ताच नव्हता. तेव्हा मात्र मी घाबरले.

समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंनी मनगटावर टिचकी मारली आणि बोटांत वीज गेल्यासारखं झालं. तपासणीनंतर त्यांनी हिंदीत समजावलं की मनगटातून बोटांकडे जाणारी नस दबली आहे आणि घरी रोज कणीक आपटण्याने ते वाढतंय. असंच चाललं तर अंगठ्याचा जोर जाईल. आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि रात्री मनगटाला पट्टा. त्याने भागलं नाही किंवा असर उतरला, तर ऑपरेशन.

स्टेरॉइड म्हटल्यावर नणंदेचा फोन आला. तोंड सुजतं, हाडं पोकळ होतात, तिने ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. फोनवर हुज्जत घालण्यापेक्षा मी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, रोज गोळ्या खाणं वेगळं, हे एकदाच आणि थोडंसं आहे, साखर तपासून देते. मला पटलं. मी हात पुढे केला.

सुई मनगटाच्या घडीपाशी गेली तेव्हा चांगलंच दुखलं. एकदोन दिवस ठणका होता. मग हळूहळू रात्री सलग झोप लागू लागली, आणि एका सकाळी चहाचा ग्लास उचलला तो पटकन खाली ठेवावा लागला. मी एकटीच हसत बसले.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर पहिलंच लग्न आलं. पहिली रोटी उचलताना बोटं मडक्याला टेकली आणि माझ्या तोंडून "स्स" निघालं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नणंद उठून माझ्याजवळ आली.

"तुले आता चटका लागून राहिला. सरक, मी बसते."

"लागते ना बाई. म्हनूनच त मले बसता येते," मी म्हणाले. "कणीक तेवढी तुमी आपटा."

ती पदर खोचून परातीपाशी बसली. मी पुढचा गोळा हातावर घेतला. बोटं भाजत होती, आणि कितीतरी महिन्यांनी ती माझी होती.